गच्चीवरची बाग : चाश्तच्या वेळी उमलणारे फूल



गेल्या काही महिन्यांत मराठवाडा आणि सोलापूरकडच्या भगिनींकडून एकाच तऱ्हेचे प्रश्न येत आहेत. गच्ची आहे, ऊन भरपूर आहे, पण नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येते. अशा घरात काय लावावे? एका भगिनीने तर स्पष्टच विचारले आहे, "पिण्याच्या पाण्याची मारामार असताना फुलझाडांना पाणी घालणे म्हणजे इसराफ नाही का?"

प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तरासाठी आम्हाला २०१६ सालच्या आमच्या घरात जावे लागेल.

आम्ही लातूरचे. त्या वर्षी मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी आल्याचे सगळ्या देशाने वर्तमानपत्रांत वाचले. आम्ही त्याच पाण्याच्या टँकरपुढे घागरी घेऊन उभे होतो. घरात त्या वेळी आणखी एक दुःख होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अब्बांचा इंतकाल झाला होता आणि अम्मी इद्दतमध्ये बसल्या होत्या.

गच्चीवर अब्बांच्या वीस-बावीस कुंड्या होत्या. मोगरा, गुलाब, जास्वंद, पुदिना, कढीपत्ता आणि एका कोपऱ्यात तळाला गंजून भोके पडलेले लोखंडी घमेले. त्या घमेल्यात 'ऑफिस टाइम' लावलेले होते. अब्बा कचेरीत कारकून होते. सकाळी डबा घेताना गच्चीकडे बघून म्हणायचे, "हे ड्युटीवर हजर झाले, मीच उशिरा." निवृत्तीनंतरही हे वाक्य काही त्यांनी सोडले नाही.

मार्चअखेर आम्ही सर्वांनी ठरवले की झाडांना पाणी बंद. अम्मींनी निकाल दिला, "पीने का पानी फुलाँ को नक्को." त्यावर कोणी काही बोलले नाही. पुदिना आठवड्यात गेला, मोगरा आणि गुलाब एप्रिलमध्ये वाळले. पण अम्मी वुजू करायच्या ते एका परातीवर बसून. तोटीच्या लोट्याने, बारीक धारेने. परातीत जमलेले पाणी मोरीत सोडायला त्यांचे मन धजेना. वुजूचे वापरलेले पाणी पुन्हा वुजूला चालत नाही, पण ते नापाक नसते. झाडाला घालायला हरकत नाही. ते पाणी दोन झाडांत वाटले गेले. कढीपत्त्याला रोज थोडे आणि घमेल्याला तीन दिवसांतून एकदा तांब्याभर. बेचाळीस अंशांच्या उन्हात ते घमेले रोज सकाळी दहाच्या सुमारास गुलाबी आणि पिवळ्या फुलांनी भरून जायचे.

इद्दतचे दिवस लांब असतात. अम्मी चाश्तची नमाज पढून गच्चीच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. फुले उमललेली असत. जोहर होऊन असर जवळ आली की ती मिटत. त्यांनीच या फुलाला 'चाश्तचे फूल' म्हणायला सुरुवात केली आणि आमच्या घरात आज तेच नाव आहे.

तेव्हा भगिनींच्या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर असे : प्यायचे पाणी फुलांना घालू नये. एकदा वापरून झालेले पाणी मोरीत जाण्याऐवजी एखाद्या जिवाला मिळाले तर त्यात इसराफ नाही. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरण्याची शिकवण आपल्याला आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) एक मुद्द, म्हणजे साधारण दोन हातांच्या ओंजळीत मावेल एवढ्या पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये येते. आपण नळ सोडून वुजू करतो तेव्हा त्याच्या कितीतरी पट पाणी वाहून जाते. ते पाणी आधी वाचवा, त्यानंतर उरेल ते झाडाला द्या.

ओळख

या झाडाला आपल्याकडे ऑफिस टाइम, दहाचे फूल, चिनी गुलाब अशी नावे आहेत. रोपवाटिकेत 'पोर्चुलाका' किंवा 'मॉस रोझ' म्हणून मिळते. ते चीनचेही नाही आणि गुलाबही नाही. मूळचे दक्षिण अमेरिकेतले. अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझीलचा दक्षिण भाग हे त्याचे घर. तिथल्या रेताड, कोरड्या जमिनीवर ते पसरते. १८२९ साली हुकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय नाव प्रसिद्ध केले. व्हिएतनाममध्येही लोक त्याला दहा वाजताचे फूलच म्हणतात. म्हणजे माणूस कुठलाही असो, या फुलाकडे पाहून त्याला घड्याळच आठवते.

पाने सुईसारखी बारीक, गोलसर आणि रसाने भरलेली. देठही मांसल. झाड वीतभर उंच होते आणि दीड-दोन वीत पसरते. फूल एकेरी किंवा गुलाबासारखे भरगच्च. पांढरे, पिवळे, नारिंगी, लाल, गुलाबी, राणी रंगाचे. एक फूल एकच दिवस टिकते, पण रोज नव्या कळ्या तयार असतात. रोपवाटिकेत याच्यासारखेच पण चपट्या, रुंद पानांचे एक झाड मिळते. ती जवळची पण वेगळी जात आहे. निगा दोन्हींची एकच.

पाण्यावाचून ते कसे तगते? एक तर पाने आणि देठ यांत पाण्याचा साठा असतो. दुसरे असे की बहुतेक झाडे हवा घेण्यासाठी पानांवरची सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडतात आणि त्याच वाटेने पाणी उडून जाते. या कुळातली झाडे पाणी कमी पडले की आपली रीत बदलतात. छिद्रे रात्री गारव्यात उघडून हवा साठवून ठेवतात आणि दिवसा ती बंद ठेवून काम चालवतात. अल्लाहने एवढ्याशा पानात ही सोय करून ठेवली आहे.

माती आणि भांडे

आमच्या भागातली काळी माती या झाडाला एकटी चालत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा मुरूम आणि एक भाग जुने कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करावे. वाळू मिळत नसेल तर फुटक्या विटांचा चुरा चालतो. मिश्रण तयार झाले की मुठीत दाबून पाहावे. ओली माती मूठ उघडताच सुटली तर ठीक. लाडवासारखी घट्ट राहिली तर आणखी वाळू घालावी.

मुळे वरवरची असतात, त्यामुळे खोल कुंडीची गरज नाही. पाच-सहा इंच खोलीचे पसरट भांडे उत्तम. जुने घमेले, फुटका टब, आडवा कापलेला तेलाचा डबा, सगळे चालते. अट एकच : तळाला भोके हवीत आणि ती मोकळी हवीत. भोकांवर खापराचा तुकडा उपडा ठेवावा. कुंडीखाली ताटली ठेवू नये. हे आम्ही का सांगतो ते पुढे येईलच.

अंगण असेल तर भिंतीच्या कडेने, फरशीच्या फटींत, विटांच्या कडेला एकेक वीत अंतरावर लावावे. दोन महिन्यांत जमीन झाकली जाते. झाकलेल्या जमिनीतली ओल लवकर उडत नाही आणि तणही कमी येते.

फांदीवरून लागवड

विकत रोप आणायची गरज नसते. कोणाकडून तरी चार फांद्या मागून आणाव्यात. फेब्रुवारी-मार्च हा काळ सर्वांत चांगला.

बोटभर लांबीची, तीन-चार इंचांची निरोगी फांदी घ्यावी. तिच्यावरची फुले आणि कळ्या खुडाव्यात, मन झाले नाही तरी. नाहीतर फांदी सगळी ताकद फुलावर खर्च करते आणि मुळे धरत नाही. खालच्या इंचभर भागावरची पाने काढून फांद्या सावलीत चार-पाच तास तशाच ठेवाव्यात, म्हणजे कापलेली जागा सुकते. मग ओलसर मातीत काडीने भोक पाडून इंचभर खोचाव्यात. एका फुटाच्या घमेल्यात आठ-दहा फांद्या पुरतात. दोन-तीन दिवस विरळ सावली, नंतर ऊन. आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात, महिन्याभरात फुले येतात.

बियांवरून लागवड

फूल मिटल्यावर तिथे मुगाएवढी बोंडी धरते. ती वाळली की तिचे वरचे अर्धे टोपणासारखे सुटून पडते आणि आत राखाडी, चकचकीत बी दिसते. डबीचे झाकण उघडावे तसे. मुलांना हे जरूर दाखवावे. बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये हजारोंनी मावते. ते मुठीत बारीक वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरावे. वर माती टाकू नये, कारण या बियांना रुजायला उजेड लागतो. पाणी फवाऱ्याने द्यावे. उबदार हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत अंकुर येतात.

भरगच्च फुलांच्या जातीत बी फार कमी धरते आणि बियांवरून आलेल्या झाडाचा रंग आईसारखाच असेल याची खात्री नसते. आवडलेला रंग टिकवायचा असेल तर फांदीच लावावी.

ऊन, पाणी, खत

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवे. सावलीत झाड जगते, पण देठ लांबतात आणि फुले येत नाहीत. ढगाळ दिवशी फुले उमलत नाहीत किंवा अर्धवट उमलतात. तो रोग नव्हे, काळजी करू नये.

पाणी देण्याआधी बोट मातीत पेरभर घालून पाहावे. माती कोरडी लागली तरच पाणी. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड, हिवाळ्यात आठवड्यातून एकदा. झाडाला खरेच तहान लागली की पाने किंचित सुरकुततात. तेव्हा पाणी दिले तरी ते दुसऱ्या दिवशी सावरते. वुजूचे, तांदूळ-डाळ धुतल्याचे पाणी चालते. साबणाचे आणि खारट पाणी नको. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. नेहमी तेच घातले तर मातीवर पांढरा थर येतो. कधीतरी चालेल, रोज नको.

खताच्या बाबतीत हे झाड फकिरासारखे आहे; थोडक्यात भागते. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरे. जास्त खताने हिरवे गवत वाढल्यासारखे होते आणि फुले कमी होतात. चहाची पत्ती घालायची तर धुऊन, वाळवून. साखर राहिली तर मुंग्या लागतात.

दोन महिन्यांनी झाड मधून विरळ दिसू लागते. तेव्हा वरचा तिसरा हिस्सा कात्रीने कापून टाकावा. पंधरा दिवसांत नवे फुटवे येतात. कापलेल्या फांद्या फेकू नयेत, त्या वाटाव्यात. हे वाटणे किती मोलाचे आहे ते आम्ही पुढच्या पावसाळ्यात शिकलो.

आमची चूक

अम्मींची इद्दत संपली तेव्हा रमजान सुरू झालेला होता. इद्दतमध्ये भेटायला आलेल्या बायकांना अम्मी परत जाताना घमेल्यातल्या चार-चार फांद्या ओल्या कापडात गुंडाळून देत. समोरच्या काकूंनाही दिल्या होत्या. पुढे पाऊस आला. चार महिने थेंबाथेंबाला तरसलेले आम्ही त्या पावसात गच्चीवर जाऊन उभे राहिलो आणि घमेल्याखाली एक थाळा सरकवून ठेवला, की बिचारे अब्बांचे झाड आता पोटभर पिऊ दे.

दहा दिवसांत झाड गेले. देठ बुडाशी काळे, मऊ, पाणचट झाले आणि हात लावताच तुटून हातात आले. दुष्काळात तरलेले झाड आमच्या लाडाने कुजले. अम्मी काही बोलल्या नाहीत. त्यांनी रिकामे घमेले उपडे करून ठेवले एवढेच. आम्हाला त्या दिवशी अब्बांना दुसऱ्यांदा दफन केल्यासारखे वाटले.

आठवड्याने काकू आल्या. हातात एका जुन्या डब्यात लावलेली फुललेली फांदी होती. म्हणाल्या, "भाभी, तुमचंच आहे. माझ्याकडे खूप झालंय." आज गच्चीवर जे काही आहे ते सगळे त्या डब्यातून वाढले आहे. मुसलमानाने लावलेल्या रोपातून माणूस, पक्षी किंवा जनावर जे खाईल ते त्याच्यासाठी सदका ठरते, अशा अर्थाची हदीस आपण ऐकतो. या फुलातून कोणी काही खात नाही, पण दिलेले परत कसे येते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले.

म्हणून पावसाळ्याचे नियम लक्षात ठेवा. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा. भोके तपासा. सततच्या पावसात पत्र्याखाली किंवा खिडकीच्या छज्जाखाली, पण उजेडात हलवा. कोकणात राहणाऱ्यांनी तर जून ते सप्टेंबर झाड बाहेर ठेवूच नये. देठ पाणचट दिसला की वरचा निरोगी शेंडा लगेच कापून, सुकवून नव्या कोरड्या मातीत लावा. खालचे वाचत नाही. आणि दरवर्षी मे महिन्यात दोन घरी तरी फांद्या देऊन ठेवा. आपले गेले तर मागायला जागा राहते.

कीड

कीड फारशी लागत नाही. कधी देठांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, तो पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर ओल्या कापसाने पुसून काढावेत. जास्त असतील तर एक लिटर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब घालून, चांगले ढवळून, संध्याकाळी फवारावे. आठवड्याने पुन्हा. पावसाळ्यात गोगलगाई कोवळे शेंडे खातात. त्या रात्री वेचून काढाव्यात.

खाण्याचे काय?

हा प्रश्न नेहमी येतो, कारण हे झाड घोळीच्या भाजीच्या कुळातले आहे. आपल्या घरांत जिला कुल्फा म्हणतात आणि जी गोश्तमध्ये किंवा डाळीत शिजते, ती घोळ. तिची पाने चपटी आणि फूल बारीक पिवळे असते. तिची बारीक पानांची बहीण चिवळ, तीही भाजीची. ऑफिस टाइम मात्र फुलांसाठीच ठेवावे, भाजी करू नये. घोळीतही आंबट क्षार, म्हणजे ऑक्झलेट, बरेच असतात. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच ती खावी.

जनावरांनाही या झाडापासून दूर ठेवावे. मांजर, कुत्रा, बकरी यांनी ते जास्त खाल्ले तर ऑक्झलेटमुळे त्रास होऊ शकतो. एका बकरी ईदच्या आधी आमचा बोकड दोर सोडवून गच्चीवर गेला आणि अर्धे घमेले फस्त करून, दाढी हलवत उभा राहिला. ती रात्र आम्ही त्याच्याजवळ जागून काढली. अल्लाहच्या कृपेने त्याला काही झाले नाही. झाडालाही नाही, उरलेल्या खुंटांना पंधरा दिवसांत पालवी आली. तरी तुम्ही ईदच्या आधी कुंड्या उंचावर ठेवा.

मुलांसाठी एक गंमत

एकेरी फूल पूर्ण उमलले की मधल्या पिवळ्या केसरांना काडीच्या टोकाने अलगद स्पर्श करा. केसर त्या बाजूला झुकतात. मधमाशी आली की असेच होते आणि परागकण तिच्या अंगाला लागतात. सुटीच्या दिवशी मुलांना वहीत लिहू द्या : फूल किती वाजता उमलले, किती वाजता मिटले, आकाश कसे होते. पंधरा दिवसांत ती स्वतःच सांगतील की फूल घड्याळ बघत नाही, ऊन आणि ऊब बघते.

अम्मी आता पंचाहत्तरीला आल्या आहेत. गुडघे दुखतात, वुजू बेसिनवर करतात. पण नळाखाली तसराळे ठेवलेले असते. ते भरले की कोणीतरी गच्चीवर घेऊन जायचे, हा घराचा नियम आहे. नातवंडे कंटाळा करतात, तेव्हा त्या एवढेच विचारतात, "अब्बा के फूलाँ ड्युटी पे आए क्या?" मग कोणी ना कोणी उठते.

तुमच्याकडे ऑफिस टाइमचे कोणते रंग आहेत, आणि तुमच्या घरात त्याला काय म्हणतात, ते जरूर कळवा. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, कुंडीतल्या पुदिन्याबद्दल बोलू.